होडीवालीची दुसरी बाजू

आमच्या आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे आमच्या घरात रेकॉर्डींना आमचीच नावं होती. वेष्टनावर जे चित्र असेल ते तिचं नाव. एक होती घुबडवाली, एक जळक्या घराची, एक नुसतीच काळी. काळीवर काहीच छापलेलं नव्हतं आणि आईला ती अपशकुनी वाटायची. तिच्यावर ती हळदीकुंकवाचं बोट लावून मोकळी झाली होती. त्या गाण्यांची खरी नावं, ती वाजवणाऱ्या लांब केसांच्या विलायती माणसांची नावं माझ्या थोरल्या भावाला, जनादादाला, तोंडपाठ होती आणि तो ती मंत्र म्हटल्यासारखी म्हणायचा. पण त्यालाही रेकॉर्ड हवी असली की तो घरात ओरडायचा, "आये, होडीवाली कुठं ठेवलीस?" होडीवालीच्या वेष्टनावर संथ करड्या पाण्यात एक रिकामी होडी होती, वल्ह्यांशिवाय. आईचं म्हणणं होतं की ही आपलीच खाडी आहे. विलायतेतल्या माणसाने आपल्या खाडीचा फोटो कसा काढला असेल हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

आमचं गाव माजिवड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आता त्याला गाव म्हटलं तर समोरचा माणूस माझ्याकडे बघतो, कारण मी सोळाव्या मजल्यावर राहते आणि खाली घोडबंदर रोडवर गाड्या गच्च उभ्या असतात. पण मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा आमच्या ओटीवरून थेट मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात दुपारी तिकडे बघवत नसे, इतकं सगळं पांढरं व्हायचं. बाबा आयुष्यभर मिठात काम केलेले, त्यांच्या पायांची कातडी टाचेपासून पोटरीपर्यंत वेगळ्याच रंगाची होती. शेतीही होती थोडी. त्यातला एक तुकडा विकला गेला तेव्हा दादाने हट्ट करून रेकॉर्ड प्लेयर आणि दोन मोठे स्पीकर आणले. गावात कुणाकडे दुचाकी आली, कुणी गच्ची घातली, आणि आमच्याकडे ही दोन लाकडी कपाटं आली. बाया बघायला यायच्या. एकीने दार शोधून पाहिलं, आत कपडे ठेवता येतील का म्हणून.

ओटीला लागून एक खोली होती. पूर्वी तिच्यात भाताच्या कणग्या असायच्या, आणि कणग्या गेल्या तरी भाताचा तो कोरडा, उबदार वास भिंतीत राहिला होता. ती दादाने घेतली. त्याने भिंतींना गोणपाट ठोकलं, खाली आईच्या जुन्या गोधड्या अंथरल्या, आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता तिथे होडीवाली लागायची. अजून मला कुठे नव्या तांदळाची गोणी उघडली की ते ऑर्गनचे पहिले लांब सूर ऐकू येतात. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तुला डॉक्टरकडे न्यायला हवं." असेल. पण होडीवालीची दुसरी बाजू हे एकच सलग गाणं होतं. भरतीचं पाणी कसं येतंय हे कळत नाही आणि बघता बघता बांधाला लागलेलं असतं, तसं ते यायचं. मी दाराशी वालाच्या शेंगा सोलत बसायची आणि ते गाणं संपेपर्यंत माझ्या हातात तीच एक शेंग असायची.

रविवारी दोन माणसं यायची. एक नंदू, आंबिवलीचा, तिथल्या गिरणीत होता. तो गाण्यांपेक्षा आईच्या जेवणाला यायचा आणि हे कबूलही करायचा. दुसरे दामले सर. ते डोंबिवलीला शाळेत गणित शिकवायचे. दादाची आणि त्यांची ओळख ठाण्यात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाली होती. प्लेयरची सुई एकच शिल्लक होती आणि दोघांना हवी होती. सरांनी ती दादाला दिली आणि म्हणाले, "मात्र पहिल्यांदा लावाल तेव्हा मला बोलवा." तेव्हापासून ते दर रविवारी येत. पांढरा बुशशर्ट, खांद्याला शबनम, तिच्यात पुठ्ठ्यांच्या मध्ये जपून ठेवलेल्या रेकॉर्डी. दादापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, पण त्याला अहो-जाहो करत. आमच्या गावात दादाला अहो म्हणणारा तो पहिला माणूस, आणि दादा त्यासाठी जीव द्यायला तयार होता. सर शाकाहारी होते. आई त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं करायची. पण चिंबोऱ्यांचा वास सुटला की सर हळूच म्हणत, "वहिनी, रस्सा तेवढा वाढा. रस्सा शाकाहारीच असतो. त्यात कोण पोहून गेलं हे आपण विचारू नये."

एका रविवारी सरांनी शबनममधून होडीवाली काढली. तीच होडी, तेच पाणी, पण वेष्टन नवं कोरं. त्यांच्या लंडनच्या भावाने पाठवली होती. मूळ ध्वनिफिती बाहेर काढून, प्रत्येक वाद्य वेगळं उचलून, सगळं नव्याने जुळवून ती पुन्हा काढली होती. दादाने ती प्लेयरवर ठेवली आणि मग खोलीत जे झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही, कारण सर भांडत नसत. पण पुढचे दोन महिने त्या खोलीत दुसरं काही बोललं गेलं नाही. नव्या रेकॉर्डमध्ये गाणाऱ्याचा आवाज एकदम पुढे आला होता. ढोल छातीवर बसत होते. आणि डावीकडे एक गिटार ऐकू येत होती, जी जुनीत आम्ही कुणीच कधी ऐकली नव्हती.

"हे पाप आहे सर," दादा म्हणायचा. "बनवणाऱ्यांनी जे मागे ठेवलं ते मागेच राहायला पाहिजे. उद्या तुम्ही कुणाच्या फोटोतला मागचा माणूस ओढून पुढे आणणार का?"

"अहो जनार्दन, पण ती गिटार कुणीतरी वाजवली होती ना?" सर म्हणायचे. "इतकी वर्षं तो बिचारा तिथेच वाजवत बसला होता. आता ऐकू आला तर आपलं काय बिघडलं?"

"मंग जुनी खोटी?"

"खोटी कशी असेल? दोन्ही खऱ्या. मला नवी जास्त आवडते, इतकंच."

"मना दोन्ही द्या," नंदू मध्येच म्हणायचा, "आणि वरून सुकट द्या."

बाबा हे सगळं ओटीवर बसून ऐकायचे. त्यांना त्या खोलीबद्दल दुसरंच काही ठरवायचं होतं. पलीकडच्या जमिनींवर इमारती उठायच्या होत्या आणि एका बिल्डरला रस्त्याजवळ कचेरीला खोली हवी होती. बाबांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. दादाचं ते वय, नोकरीला टिकत नाही, दिवसभर डोळे मिटून पडतो. गावात लोक बोलत होते की म्हाताऱ्याने जमीन विकली आणि पोराने पेटी आणली. एक दिवस वाद रंगात आला असताना बाबा दारात येऊन उभे राहिले.

"दोनी सारकंच वाजतंय," ते म्हणाले.

"बाबा, जमीन-अस्मानाचा फरक हाय!" दादा उसळला.

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मी तुज्या वयाचा व्हतो तवा मना डोले बांदून बशवलेला. पाच आगरांचं मीठ, चिमूट चिमूट जिभेवर. कंचं मीठ कंच्या आगराचं, पाची सांगितली. तवापासून मना कोनी यडा बोलला नाय." मग त्यांनी दादाकडे नीट पाहिलं. "तुना खरंच आयकाला येत असंल तर सांगून दाखव. न बघता. सांगितलास तर खोली तुजी, मी परत बोलनार नाय. नाय सांगितलास तर गनपती झाले का कचेरीवाल्याला द्याची."

दादाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला खोलीचं एवढं नव्हतं. बाबांनी त्याच्या कानाची आपल्या जिभेशी बरोबरी करायची संधी दिली होती, आणि आमच्या घरात त्याहून मोठं काही नव्हतं. तो म्हणाला, "पुढच्या रईवारी."

पुढच्या रविवारी आईची जुनी पातळ साडी खिडकीच्या गजापासून दाराच्या खुंटीपर्यंत बांधली. तिच्यामागे प्लेयर, दोन्ही होड्या आणि मी. मी अठराची होते आणि सुई टेकवायला दादाने मला स्वतः शिकवलं होतं, त्यामुळे ते काम माझं. सरांनी नियम घातले. पाच वेळा वाजवायचं. प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूच्या मध्यावर, जिथे सगळी वाद्यं एकत्र आहेत तिथे. सुरुवातीची खरखर ऐकून कुणी ओळखू नये म्हणून दोन्ही रेकॉर्डी आदल्या दिवशी रिठ्याच्या पाण्याने धुतल्या. आणि नवीत तरी काय, दोन महिन्यांत रस्त्याची धूळ बसून तीही कुरकुरायला लागली होती. क्रम मी ठरवायचा, वहीच्या पानावर लिहायचा, कुणाला सांगायचा नाही. तिघांनी चिठ्ठीवर पाच ओळी लिहायच्या, जुनी की नवी. चिठ्ठ्या शेवटी माझ्याकडे, आणि मी वाचून दाखवायच्या. सरांना वाद घालतानाही इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत वर्गात असेच असतील, मला वाटलं.

तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात शांत अर्धा तास आहे. बाहेर बाबांनी गावातली चार माणसं बोलावून बसवली होती, पण कुणी खोकलं नाही. साडीतून तिघांच्या आकृती दिसत होत्या. ऊन गजांतून येऊन रेकॉर्डवर पडायचं आणि फिरायचं. मी जुनी लावली, मग नवी, पुन्हा नवी, मग जुनी, शेवटी नवी. प्रत्येक वेळी ते गाणं त्याच जागी उघडायचं आणि मला मी कुठे आहे याचा विसर पडायचा. एकदा तर सुई उचलायची राहून गेली आणि नंदू हळूच म्हणाला, "अगं ताई, झोपलीस काय?" दादा प्रत्येक वेळी लिहिण्याआधी डोळे मिटत होता, आणि लिहिताना हसत होता. त्याला खात्री होती.

चिठ्ठ्या साडीखालून आत आल्या. नंदूने पाचही वेळा जुनी लिहिलं होतं. सरांची चिठ्ठी मी माझ्या पानाशेजारी ठेवली: पाचही बरोबर. मग दादाची उघडली. नवी, जुनी, जुनी, नवी, जुनी. पाचही चूक. मला वाटलं मी चिठ्ठी उलटी धरली आहे. पुन्हा पाहिलं. पाचही चूक. बाहेर आई चहाचे पेले मांडत होती, तो आवाज ऐकू येत होता, आणि त्यानंतर मला वाचायचंच होतं. मी घाबरले. इतकी की मला दादाचं भविष्य, खोली, गावातले लोक, सगळं एकदम दिसलं. त्याहून जास्त दिसलं ते बाबांचं तोंड. त्यांनी तोंड फिरवलं असतं, रागाने नाही, ओशाळून. आपण उगीच बरोबरी केली म्हणून. मी वहीचं पान फाडलं, दुसऱ्या पानावर क्रम उलटा लिहिला. जुनीच्या जागी नवी, नवीच्या जागी जुनी. पहिलं पान चुरगाळून ब्लाउजमध्ये खुपसलं. मग साडी बाजूला करून बाहेर आले आणि वाचलं.

नंदूचे तीन बरोबर आले आणि तो स्वतःच्याच पाठीवर थाप मारत बसला. दादाचे पाच. सरांचं शून्य.

बाबा उठले. त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला, जसा आम्ही लहान असताना ठेवायचे, आणि आईकडे वळून म्हणाले, "याचा कान माज्या जिबंवर गेला." त्यांचे डोळे भरले होते. दादा रडत होता हे तर सगळ्यांनाच दिसलं. मी सरांकडे बघायचं टाळत होते, पण त्यांनी हात पुढे केला आणि स्वतःची चिठ्ठी मागितली. ती त्यांनी वाचली. मग माझ्या हातातलं पान मागून तेही वाचलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "पाचपैकी पाच चूक," ते म्हणाले. "वा. हेही सोपं नसतं हं." आणि चिठ्ठीची बारीक घडी करून बुशशर्टच्या खिशात ठेवली. मग दादाला मिठी मारली आणि आईला म्हणाले, "वहिनी, हरलेल्या माणसाला आज दोन वाट्या रस्सा."

खोली राहिली. दादाने तिच्यात आधी कॅसेटी भरून द्यायला सुरुवात केली, मग हळदीला, लग्नाला स्पीकर द्यायला लागला. पुढे त्याचं आवाजाचं काम कल्याणपासून बोरिवलीपर्यंत पोचलं. लोक त्याला कानवाला जना म्हणतात ते त्या रविवारपासून. बाबा जाईपर्यंत ती गोष्ट सांगत होते. सांगताना मिठाची गोष्ट आधी आणि कानाची नंतर, एकाच दमात. मी ऐकायची आणि भाकऱ्या करत राहायची. मला पश्चात्ताप झाला का? बाबांच्या बाबतीत नाही झाला. आजही तो कागद हातात आला तर बाबांसाठी मी तो उलटाच लिहीन.

पण सर येत राहिले. हेच मला सोसवत नसे. ते आले नसते तर मी त्यांना विसरून गेले असते. दर रविवारी यायचे. खोलीत नवी नवी पोरं जमायला लागली, ठाण्याची, डोंबिवलीची. रेकॉर्डी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, मग त्याही गेल्या. जुनी गाणी पुन्हा पुन्हा नव्याने धुऊन-पुसून निघत राहिली आणि दर वेळी तोच वाद. सरांनी तोंड उघडलं की एखादा पोरगा हसून म्हणायचा, "सर, तुमचं राहू द्या, तुमचे पाचही चुकलेले ना!" आणि सर स्वतःच मान डोलवायचे. "हो बुवा. माझं मत धरू नका. जनार्दनना विचारा." ज्या माणसाला ती डावीकडची गिटार सगळ्यात आधी आवडली, त्याने तिच्याबद्दल पुन्हा कधी वाद घातला नाही. मी चहा घेऊन आत जायची, ट्रे ठेवायची, बाहेर यायची. कितीदा तरी ओठांवर आलं होतं. सर गेले तेव्हाही मी डोंबिवलीला गेले, त्यांच्या मुलीचा हात धरून बसले, आणि काही न सांगता परत आले.

गेल्या महिन्यात होडीवाली पुन्हा निघाली आहे. या वेळी तीन तऱ्हांनी एकत्र, सोबत जाड पुस्तक. दादाच्या फोनवर असल्या वेड्यांचा एक ग्रुप आहे आणि तिथे चार दिवस नुसती हाणामारी चालू होती. दादाला आता डाव्या कानाला यंत्र लागतं, तरी शेवटचा शब्द त्याचा मानतात. परवा सकाळी मी त्याच्याकडे गेले तर तो चष्मा कपाळावर घेऊन एका बोटाने लिहीत होता. मला मोठ्याने वाचून दाखवलं. जुनीच खरी, आणि हे मी उगीच म्हणत नाही, पडदा लावून घेतलेल्या परीक्षेत मी पाचपैकी पाच, आणि माझे एक मित्र, दामले सर, शून्य.

"दादा, ते पाठवू नको," मी म्हणाले.

"का गं?"

मी सांगितलं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं होतं, पण सांगायला चार वाक्यंही लागली नाहीत. त्याने फोन मांडीवर ठेवला. मला वाटलं तो चिडेल, मला जायला सांगेल. तो खिडकीबाहेर बघत होता आणि चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उलगडत होतं.

"मला जी गोड लागायची तिला मी जुनी लिहिलं," तो म्हणाला. "मला वाटलं, जी चांगली तीच जुनी असणार. म्हणजे मला नवी आवडत होती गं. आणि मी चाळीस वर्षं…" तो हसायला लागला, आणि ते हसणं मध्येच थांबलं. "पण पाचही चुकले म्हणजे फरक तर कळत होता. नुसता अंदाज असता तर दोन-तीन बरोबर आलेच असते, नंदूसारखे." मग तो एकदम माझ्याकडे वळला. "अगं, सर गणिताचे मास्तर होते."

हे मला कधी सुचलंच नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. त्यांनी माझ्या हातातलं पान मागून घेतलं त्याच क्षणी. पण ते मान्य केलं असतं तर दर रविवारी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोर जाणं मला जमलं नसतं. सरांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. त्यांनी बाबांचे डोळे पाहिले, दादाला पाहिलं, मला पाहिलं, आणि चिठ्ठी खिशात टाकली. त्यानंतर पंचवीस वर्षं तो माणूस आमच्यासाठी बहिरा म्हणवून घेत राहिला.

दादाने लिहिलेलं सगळं पुसलं. मग त्याने सरांच्या मुलीचा नंबर शोधला. यंत्र नीट बसवलं, फोन उजव्या कानाला लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर नमस्कार-चमत्कार काही न करता, उभा राहून म्हणाला, "मी जनार्दन बोलतोय, माजिवड्याहून. तुमच्या बाबांचे पाचही बरोबर होते."